शेवटच्या ओळीतलं घर

घर बघायला नेलं त्या दिवशी ताराबाईनं घर सोडून बाकी सगळं बघितलं, असं तिचा नवरा आश्रुबा आजही चार माणसांत सांगतो. हे खोटं आहे. तिनं घरच बघितलं, फक्त तिची बघण्याची तऱ्हा निराळी. शहरातली माणसं घर घेताना नळ सोडून बघतात, फरशीवर पाय घासतात, भिंतीवर टकटक करतात. ताराबाई आत गेली, चारही कोपऱ्यांत एकेकदा बसून उठली, आणि मग स्वयंपाकाच्या खोलीत भिंतीला पाठ लावून जी बसली ती उठेचना. घरमालक कल्याणराव बाहेर उन्हात किल्ली हातात खेळवत उभे. त्यांना वाटलं, बाईला चक्कर आली की काय. तसं काही नव्हतं. पाठीला भिंत लागली की कसं वाटतं, ते ती बघत होती. पालाच्या कापडाला पाठ टेकता येत नाही, टेकली तर सगळं पालच मागं जातं.

पाल म्हणजे धनगराचं रानातलं घर. पाटोद्याच्या पुढच्या एका वस्तीवर आश्रुबाचं वडिलार्जित घर होतं खरं, पण ते पावसाळ्यापुरतं. दिवाळी झाली की मेंढरं निघायची आणि मेंढरांमागं माणसं. कडा, आष्टी, तिथून पुढं गोदावरीच्या काठापर्यंत, जिथं रानं मोकळी असतील तिथं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती आणि दर वर्षाचे आठ महिने ताराबाईनं असे चालण्यात काढले होते. संसार किती, तर घोड्यावर बसेल तेवढा. जे घोड्यावर बसत नाही ते तिनं कधी घेतलंच नाही. काचेची बरणी नाही, रांजण नाही, तळहातापेक्षा मोठा आरसा नाही. मुलगा जीवन झाला तो कड्याच्या शिवारात उसाच्या फडाशेजारी, आणि मुलगी योगिता झाली ती धारूरच्या घाटात, भर दुपारी. हे सगळं ताराबाई हसत हसत सांगते. दुसऱ्या बाया माहेरची कौतुकं सांगतात तशी ती मुक्कामाची ठिकाणं सांगते.

मग दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा गुडघा बोलायला लागला. मेंढरं जीवननं आणि सूनबाई बबितानं ताब्यात घेतली. योगिता बीडमध्ये एका खासगी दवाखान्यात नर्स झाली होती आणि भाड्याच्या खोलीत राहत होती. तिनंच आधी विषय काढला की आईनं आता फिरायचं नाही. वस्तीवरच्या जमिनीचा एक कोपरा रस्त्यात गेला होता, त्याचे पैसे आले होते, त्यात काही बकऱ्यांची भर घातली तर बीडच्या कडेला दोन खोल्या होत होत्या. ताराबाईनं ऐकलं आणि ती दोन दिवस कोणाशी नीट बोलली नाही. आनंद झाला की तिचं असंच होतं.

शिवकृपानगर ही वसाहत बीड जिथं संपतं तिथं आहे. संपतं म्हणजे अगदी संपतंच. घंटागाडी शेवटच्या ओळीपर्यंत येते आणि तिथल्या हद्दीच्या दगडाला वळसा घालून परत फिरते. विजेचे खांब तिथंच थांबतात. रस्त्याच्या अलीकडं शहर, पलीकडं दुसऱ्या गावाचं गायरान, आणि त्याच्यापुढं थेट डोंगर. कल्याणरावांचं घर शेवटच्या ओळीतलं शेवटचं. त्यांनी ते मुलासाठी, विश्वेश्वरसाठी बांधलं होतं, पण विश्वेश्वर पुण्यात नोकरीला लागला, तिथंच त्यानं फ्लॅट घेतला, आणि घर तसंच कुलपात राहिलं. कल्याणराव स्वतः वसाहतीच्या तोंडाशी राहायचे, खाली हार्डवेअरचं दुकान, वर बिऱ्हाड. कपाळावर रोज ठसठशीत विभूती, बोलणं गोड, हिशेब चोख. घरावर कड्याच्या एका गुरुजींचाही डोळा होता, पण ते अजून बायकोला दाखवतो, मेहुण्याला दाखवतो असं करत होते. तेवढ्यात आश्रुबाची बोलणी जमली आणि शनिवारी इसार द्यायचा ठरला.

बोलणी चालू असताना आश्रुबाचं लक्ष मात्र डोंगराकडं होतं. घराविषयी त्यानं एकच प्रश्न विचारला, हे दार रोज लावावं लागतं का. कल्याणराव हसले. ताराबाईला हसू आलं नाही. पस्तीस वर्षं ती ज्याच्या मागं चालली त्याची पाठ तिला तोंडापेक्षा जास्त कळत होती, आणि ती पाठ सांगत होती की या माणसाला घर नको आहे. तो बोलणार नाही, पण कुठंतरी आडवं लावील, ही धास्ती तिनं त्याच दिवशी मनात घेतली.

आता पुढं जे झालं ते समजायला आश्रुबाच्या घरातली एक रीत माहीत पाहिजे. शेतात मेंढरं बसवणं म्हणजे काय ते गावाकडच्या माणसाला सांगायला नको. दोनशे मेंढरं एका रानात बसून उठली की ते रान लेंडीखतावर दोन वर्षं पीक देतं, आणि त्यासाठी शेतकरी धनगराला धान्य देतो, पैसे देतो, वर जेवायला घालतो. अशी ही मोलाची गोष्ट. पण आश्रुबाच्या वडिलांचं म्हणणं होतं की ज्याच्या शेजाराला राहायचं त्याच्या रानात पहिल्यांदा मेंढरं बसवायची ती फुकट. त्याचं काही घ्यायचं नाही. ते शेजारधर्माचं देणं.

बुधवारी आश्रुबा कल्याणरावांच्या दुकानात गेला. कल्याणरावांच्या एका कानाला फोन होता आणि हातात तराजू, खिळे तोलत होते. आश्रुबानं सांगितलं की शुक्रवारी दुपारी तुमच्याकडं मेंढरं बसवतो. कल्याणराव फोनमध्ये कोणावर तरी चिडलेले. त्यांनी मान हलवली, म्हणाले, बसवा, बसवा, आणि परत खिळ्यांकडं वळले. आश्रुबानं नमस्कार केला आणि बाहेर येऊन लगेच जीवनला फोन लावला. जीवन मेंढरं घेऊन तीन कोसांवर होता.

वसाहतीच्या मधोमध एक मोकळं मैदान आहे, सगळ्यांचं मिळून; आश्रुबानं मात्र कल्याणरावांचं रान ते हेच असं धरलं होतं. त्या शुक्रवारी तिथं महिला मंडळाचं चैत्रातलं हळदीकुंकू होतं. सकाळीच पांढरा मांडव पडला होता, आंब्याच्या पानांची तोरणं बांधली होती, चैत्रगौरीपुढं कलिंगडं कापून त्यांची कमळं केली होती. कैरीची डाळ झाकून ठेवली होती आणि स्टीलच्या मोठ्या पिंपात पन्हं. बायका तयार व्हायला घरी गेल्या होत्या. राखायला कोणी नव्हतं. अशा टळटळीत दुपारी आश्रुबा मेंढरं घेऊन मैदानाशी आला आणि समोरचा मांडव बघून त्याला गहिवरून आलं. तो जीवनला म्हणाला, शेरातली माणसं वाईट म्हणतात ते उगंच. बघ, मेंढरांना सावली करून ठेवलीय.

दोनशे चाळीस मेंढरं मांडवात गेली. उन्हातून आलेली, तहानलेली, भुकेली. तोरणं आधी गेली. कलिंगडाची कमळं त्यानंतर. डाळीवरचं ताट एका मेंढीनं इतक्या हलक्या तोंडानं बाजूला सारलं की आश्रुबाला तेही आपल्यासाठीच ठेवलेलं वाटलं असावं. पन्ह्याच्या पिंपात एका एडक्यानं मुंडकं घातलं आणि ते शिंगासकट अडकलं. बाकीची मग गौरीच्या चौरंगाभोवती निवांत बसली आणि रवंथ करायला लागली.

ताराबाईला त्या हळदीकुंकवाचं बोलावणं होतं. कल्याणरावांच्या आईनं, दानम्मांनी, निरोप पाठवला होता की आता शेजारीण व्हायचीस तर ये. शहरातलं तिचं हे पहिलं बोलावणं. योगितानं आईला नवं लुगडं नेसवलं, केसांना तेल लावून अंबाडा घातला, आणि कोणी काही विचारलं तर काय सांगायचं तेही पढवलं. चारच्या सुमारास ताराबाई मैदानाच्या कोपऱ्यावर आली तेव्हा कडक इस्त्रीच्या साड्या नेसलेल्या तीसेक बाया मांडवाबाहेर गोळा झाल्या होत्या आणि आत मेंढरं होती. क्षणभर तिला बरं वाटलं, मेंढरं बघून तिला नेहमीच बरं वाटतं. मग तिनं काळ्या कानाची मेंढी ओळखली. मग तिच्या शेजारची. मग पिंपात तोंड घातलेला एडका तर शेपटीवरूनच ओळखला. त्या दोनशे चाळीसांतलं एकही जनावर परकं नव्हतं.

महिला मंडळाच्या अध्यक्षा वनमालाबाई फार ओरडल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या की घर यांना विकलं तर हे रोजचं होईल, कल्याणरावांनी काय ते ठरवावं. आणि कल्याणरावांनी संध्याकाळच्या आत योगिताच्या फोनवर ठरवलं. उद्याचं इसाराचं जरा थांबू, म्हणाले, लोकांचं मन दुखवून चालत नाही, आपण नंतर बघू. झालं, घोंगडं भिजत पडलं. वर त्यांनी सहज म्हणून हेही सांगितलं की रविवारी कड्याचे गुरुजी मेहुण्याला घेऊन येणार आहेत.

योगिताच्या खोलीत त्या संध्याकाळी ताराबाई फार बोलली नाही. जे बोलली ते आश्रुबाकडं न बघता बोलली.

"तुमी मुद्दाम केलं. तुमाला घर नको व्हतं. तोंडानं नको म्हणाया काय झालतं?"

आश्रुबानं नाही म्हणायला हवं होतं, निदान कपाळावर हात मारून घ्यायला हवा होता. त्यानं फक्त पटका सोडून परत बांधला. ताराबाईनं त्यावरून काय समजायचं ते समजून घेतलं, आणि तिच्या आतलं काहीतरी बसून गेलं. राग आला असता तर बरं झालं असतं. वाईट वाटत होतं, घराचं नाही तेवढं या माणसाचं.

शनिवारी सकाळी ती उठली तर आश्रुबा खोलीत नव्हता. मेंढरांकडं गेला असेल, असं तिला वाटलं. दहाच्या सुमारास योगिताचा दवाखान्यातून फोन आला. कल्याणरावांनी तिला फोन केला होता. म्हणाले, तुझे वडील सकाळी सातपासून दुकानासमोर घोंगडी टाकून बसलेत. बोलत नाहीत, उठत नाहीत. चहा पाठवला तो प्यायले, कपबशी धुऊन परत दिली, पुन्हा बसले. उपोषण आहे का हे? असेल तर कशासाठी आहे, एवढं तरी सांगा.

ताराबाईनं कपाळाला हात लावला. हे उपोषण नव्हतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. जागा मागायची आश्रुबाची हीच रीत. नव्या शिवारात गेलं की तो मालकाच्या बांधावर जाऊन बसायचा. तोंडानं कधी मागायचा नाही. मालक येतो, आधी पाणी देतो, मग विचारतो, किती जित्राब हाय? त्यानं विचारलं की बोलणं सुरू. नाही विचारलं तर दिवस मावळायच्या आत उठून पुढं चालू लागायचं, मनात काही न ठेवता. पण तो बांध, आणि हे हार्डवेअरचं दुकान. खिळे विकणाऱ्या माणसाला हे काय कळणार? लोक येताजाता बघत असतील, कोणी पुढं सुट्टे पैसेही टाकतील. ताराबाई त्याला उठवून आणायला निघाली.

वाटेत मैदान लागलं. तिला वाटलं होतं तिथं आज घाणीचा नुसता सडा असेल, वेळ पडली तर झाडू मागून घेऊ आणि आपणच झाडू. मैदान लख्ख होतं. लेंडी औषधाला उरली नव्हती. ती चकित झाली, आणि मग तिची नजर आजूबाजूच्या घरांकडं गेली. प्रत्येक ओट्यावरच्या, प्रत्येक गच्चीवरच्या कुंड्या काठोकाठ भरलेल्या. वनमालाबाईंच्या गुलाबाच्या बारा कुंड्यांना तर दुसरा थर दिलेला दिसत होता. एवढ्या दुःखातही ताराबाईला हसू फुटलं.

दुकानापाशी पोचली तेव्हा एक म्हातारी हातात पाण्याचा तांब्या घेऊन जिना उतरत होती, एकेक पायरी, भिंतीला धरून. दानम्मा. गळ्यात इष्टलिंगाची रुपेरी करडी, अंगाचं चिपाड झालेलं, पण आवाज खणखणीत. काल त्या हळदीकुंकवाला खाली उतरल्याच नव्हत्या, पाय साथ देत नव्हते. आज सकाळी त्यांनी लेकाला विचारलं, दारात कोण बसलंय, तेव्हा त्यांना सगळी हकिगत कळली. मेंढरांची गोष्ट ऐकून त्या खूप वेळ हसत होत्या म्हणे. दारात धनगर गप्प बसून आहे हे ऐकल्यावर मात्र त्यांचं हसणं थांबलं. त्यांचं माहेर धारूरकडचं, शेतकऱ्याचं.

त्या येऊन आश्रुबासमोरच्या पायरीवर बसल्या. तांब्या पुढं केला. आश्रुबानं दोन्ही हातांनी घेतला आणि पाणी प्यायला.

"किती जित्राब हाय?" दानम्मांनी विचारलं.

ताराबाई रस्त्यातच उभी राहिली. आश्रुबाची तिच्याकडं पाठ होती. तिला वाटलं आता तो दोनशे चाळीस म्हणेल. जन्मभर तिनं हाच प्रश्न आणि असलीच उत्तरं ऐकली होती.

"जित्राब न्हाई, मामी," आश्रुबा म्हणाला. "एक बाई हाय. पस्तीस वर्षं माझ्यामागं चालती. आता तिचा पाय दुखतुया. तिच्यासाठी जागा बघतोय."

दानम्मांनी मान वळवून गल्ल्यावरच्या लेकाला हाक मारली. विचारलं, यानं मेंढरं बसवू का म्हणून तुला आधी विचारलं होतं का? कल्याणरावांना आठवेना. मग खिळे आठवले, फोन आठवला, आणि त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, विचारलं होतं, आणि मी हो म्हणालो होतो.

"मग चूक कुणाची, कल्याण?" दानम्मा म्हणाल्या. "आमच्या अप्पानं मेंढरं बसवून घ्यायला दोन दोन वर्षं वाट बघितली. ह्यो माणूस फुकट घेऊन आला, आन तुमी त्याला हाकललं. तू हो म्हणलास ते आधी त्या वनमालाला जाऊन सांग."

कल्याणराव विभूती लावलेला माणूस, आईपुढं त्यांचं चालत नसे. ते दुकान सोडून तसेच वनमालाबाईंकडं गेले. तिथं काय बोलणं झालं ते नीट कळलं नाही. वनमालाबाई ओट्यावर आल्या तेव्हा गुलाबाच्या कुंड्यांसमोरच उभ्या होत्या, त्यामुळं त्यांना फार ताणताही येईना. त्यांनी एकच अट घातली की मांडव असेल त्या दिवशी मेंढरं नकोत. बाकी वर्षातून एकदा आली तर मंडळाची हरकत नाही, उलट आधी कळवलं तर बरं. कड्याच्या गुरुजींना फोन गेला. इसार सोमवारी, महादेवाच्या वारी द्यायचा असं दानम्मांनीच ठरवलं, आणि जिना चढताना ताराबाईला सांगून गेल्या की हळदीकुंकू राहिलंय, ते आता तुझ्या घरी कर.

परत निघाले तेव्हा आश्रुबानं घोंगडी झटकून खांद्यावर टाकली होती. ताराबाई त्याच्या शेजारून चालत होती. कालचं बोलणं कसं मागं घ्यायचं ते तिला कळत नव्हतं. शेवटी तिनं सरळ सांगितलं.

"मला वाटलं, तुमाला घर नको हाय."

"नकोच हाय मला," आश्रुबा म्हणाला. "भिताडाच्या आत माझा जीव घाबरतुया. पर तुला पायजे."

ताराबाईला रडू आलं. तिनं ते लपवलं नाही, भर रस्त्यात नाक पुसलं, आणि मग तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली की असं असेल तर कागद माझ्या नावावर करा, उगं नको असलेल्या माणसाच्या नावावर घर कशाला.

"तुझ्याच नावावर हाय," आश्रुबा म्हणाला. "पयल्या दिवशीच सांगून ठिवलंय कल्याणरावाला."

पुढच्या वळणावर ताराबाई म्हणाली की तसं असेल तर सही तिलाच करावी लागणार, ती योगिताकडून शिकून घ्यावी लागेल, आणि सोमवारला दोनच दिवस उरलेत.